पालशेतची वाळू, बांबोळीची वाट

६ मे १९५३. पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत, विशीतल्या एका मुलाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. पालशेत हे गुहागरकडचे गाव. तेव्हा गुहागर काय आणि मालवण काय, दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातच; सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. गावातल्या डॉक्टरांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधून दिल्या. मुलाचे वडील, डॉ. त्र्यंबक गोडबोले, दौंडला वैद्यकी करत. त्यांनी मुलाला गाडीत घालून पुणे गाठले. ९ मे रोजी तो पुण्यातले शल्यचिकित्सक डॉ. लक्ष्मण जोशी यांच्या रुग्णालयात दाखल झाला आणि त्याच रात्री नऊच्या सुमाराला गेला.

आईवडील न्यायालयात गेले. मॉर्फियाची दोन इंजेक्शने द्यायला सांगितले असताना एकच दिले गेले, भूल न देता मोडलेले हाड तिघा मदतनिसांच्या हातून जोर लावून ओढले गेले, वर प्लास्टर घातले गेले आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला, असे त्यांचे म्हणणे होते. आपण फक्त पाय स्थिर केला, मृत्यू दुसऱ्याच कारणाने झाला, असे डॉक्टरांचे म्हणणे. खालच्या न्यायालयाने आईवडिलांचे म्हणणे मान्य करून तीन हजार रुपयांची भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. मुलाच्या मृत्यूला तोवर पंधरा वर्षे होत आली होती.

‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ हा तो खटला. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या भारतातल्या खटल्यांत तो आजही आधाराला घेतला जातो. कोकणच्या वाळूत सुरू झालेल्या या दुर्दैवातून देशाला वैद्यकीय जबाबदारीची एक साधी, लक्षात राहणारी मांडणी मिळाली. रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरवर तीन कर्तव्ये येतात: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी घेणे, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी घेणे आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना काळजी घेणे. यातल्या कुठल्याही पायरीवर कसूर झाली, तर रुग्णाला दाद मागता येते. किती काळजी, याचेही माप न्यायालयाने दिले. सर्वांत निष्णात तज्ज्ञाकडे असेल तेवढे कौशल्य कायदा मागत नाही आणि जेमतेम कौशल्यावरही समाधान मानत नाही. त्या जागी बसलेल्या माणसाकडून रास्तपणे जेवढी अपेक्षा करावी, तेवढी तो करतो.

रुग्ण बरा होईलच अशी हमी यात कुठेही नाही. हमी काळजीची आहे. सिंधुदुर्गातल्या डॉक्टरने, परिचारिकेने, आशाताईने आणि रुग्णाच्या नातलगानेही हा फरक नीट समजून घ्यायला हवा. आपल्या किनाऱ्यावर डॉक्टर थोडे, वाट लांब आणि माणसे एकमेकांच्या ओळखीची. इथे या तीन कर्तव्यांची परीक्षा रोज होते.

वाटेला लावणे म्हणजे जबाबदारी संपणे नव्हे

मालवणी घरांत गंभीर आजाराची बातमी एका वाक्यात कळते: ‘बांबोळीक धाडल्यानी.’ बांबोळी म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, मालवणहून शंभराहून अधिक किलोमीटरवर. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, २०२१-२२ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. तरीही डोक्याला मार, हृदयविकाराचा झटका, अडलेली बाळंतपणे यांची वाट अनेकदा गोव्याकडेच वळते. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने राज्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. हे रुग्णालय या जिल्ह्याच्या जगण्यात किती खोल रुतले आहे, ते त्या आंदोलनाने दाखवले.

छोट्या केंद्रातल्या डॉक्टरने रुग्णाला मोठ्या ठिकाणी पाठवणे यात गैर काहीच नाही. आपल्याला जे जमणार नाही ते न करणे हाही कर्तव्याचाच भाग आहे. गैर असते ते न बघता, काही न करता पाठवणे. १९८९ मध्ये ‘परमानंद कटारा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच गोष्ट आली. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवले. जवळच्या रुग्णालयाने ‘ही पोलीस केस आहे, आमच्याकडे अशा केस घेत नाहीत’ म्हणून त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाची वाट दाखवली. तो वाटेतच गेला. न्यायालयाने सांगितले, की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले काम. पोलीस, पंचनामा, कागद हे सगळे नंतर.

मालवणला हा निकाल दूरचा वाटू नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. बुडालेला माणूस, होडीवरून पडलेला खलाशी, महामार्गावरचा अपघात, विष घेतलेली सून: किनाऱ्यावरच्या रुग्णालयात येणारी कितीतरी माणसे ‘पोलीस केस’च असतात. पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. त्यांची वाट बघत उपचार थांबवणे मात्र बेकायदा आहे. अपघातग्रस्ताला आणून पोहोचवणाऱ्या वाटसरूला अडकवून ठेवण्याचाही अधिकार कुणाला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने अशा मदतकर्त्याला स्पष्ट संरक्षण दिले आहे.

पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालाने सरकारवरही हे ओझे टाकले. रेल्वेगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या हकीम शेख नावाच्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवले. वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे ठरवून न्यायालयाने त्याला पंचवीस हजार रुपये द्यायला लावले. प्राथमिक केंद्रात रुग्णाची प्रकृती सावरता येईल एवढी सोय हवी, खाट कुठे शिल्लक आहे हे आधी कळवणारी यंत्रणा हवी, रुग्णवाहिका हवी, असेही त्या निकालात आहे. पैशांची टंचाई ही सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

म्हणजे आचरा किंवा मसुरे इथल्या केंद्रातून रुग्ण पुढे पाठवताना जबाबदारीने पाठवणे कशाला म्हणायचे, ते स्पष्ट आहे. श्वास आणि रक्तदाब सावरावा, रक्तस्राव थांबवावा, मोडलेला अवयव बांधावा. पुढच्या रुग्णालयाला फोन करून रुग्ण येत असल्याचे सांगावे. चिठ्ठीवर काय आढळले, कोणते औषध किती वाजता दिले आणि का पाठवत आहोत हे लिहावे. राज्यात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे. तिच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, म्हणून शक्य तिथे रुग्ण तिच्यातून जावा. पालशेतच्या डॉक्टरांनी बांधलेल्या त्या लाकडी फळ्या आज साध्या वाटतील. पण त्यांच्याजवळ होते त्यातून त्यांनी पाय स्थिर केला. छोट्या जागेतल्या माणसाकडून कायदा मागतो ते हेच.

काचेची एक नळी आणि वीस मिनिटे

दुसरे कर्तव्य उपचार निवडण्याचे. इथे डॉक्टरला बरीच मोकळीक आहे. १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या ‘बोलम’ खटल्यात एक कसोटी ठरली आणि आपल्या न्यायालयांनीही ती उचलली: त्या शाखेतल्या जाणत्या डॉक्टरांच्या एखाद्या गटाला योग्य वाटेल असा उपचार केला असेल, तर दुसऱ्या गटाचे मत वेगळे आहे एवढ्यावरून तो निष्काळजीपणा ठरत नाही. दोन वाटा असतील आणि एक निवडली, तर ती चूक नव्हे. कुणीही शहाणा डॉक्टर जी धरणार नाही अशी वाट धरणे ही चूक.

कोकणातले उदाहरण घ्यायचे तर फुरशाचे घ्यावे. कातळसड्यावर, गवत कापताना, काजूच्या बागेत हा साप चावतो. चावा लहान दिसतो, माणूस चालत येतो, बोलत असतो. पण विष रक्ताची गोठण्याची शक्ती संपवत जाते आणि पुढे हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. विष भिनले आहे का, हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत शिरेतले थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिले, म्हणजे गोठले नाही, तर प्रतिविष द्यायचे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते.

या एका काचेच्या नळीवर ‘रास्त काळजी’ म्हणजे काय ते समजावता येते. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरने ही चाचणी केली, प्रतिविष वेळेत सुरू केले, त्याची ॲलर्जी आली तर काय करायचे याची तयारी ठेवली आणि तरीही रुग्ण गेला, तर तो निष्काळजीपणा नाही. नळी ठेवलीच नाही, जखमेवर पट्टी बांधून ‘काय नाय, घराक जावा’ म्हणून परत पाठवले आणि रात्री रक्तस्राव झाला, तर तो निष्काळजीपणा आहे. दोन्हीकडे शेवट एकच, मृत्यू. कायदा शेवटाकडे पाहून ठरवत नाही, मधल्या वीस मिनिटांकडे पाहून ठरवतो.

आपल्या शिक्षणाच्या कुंपणाबाहेर उपचार करणे हा याच कर्तव्याचा भंग. मुंबईतल्या ‘पूनम वर्मा’ खटल्यात होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली. रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. ज्या शास्त्राची नोंदणी नाही त्यात हात घालणे हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा लागत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २०१४ मध्ये महाराष्ट्राने एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची मुभा कायद्याने दिली आणि त्यावर आजही वाद आहे. तत्त्व मात्र बदललेले नाही. ज्याचा अभ्यास आणि नोंदणी आहे तेवढेच करावे. गावात दुसरा डॉक्टर नाही म्हणून आपल्याला सगळे येते असे होत नाही.

पोटात राहिलेला टॉवेल

तिसरे कर्तव्य हाताचे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला ताप आला, पोट दुखू लागले. दुसऱ्यांदा पोट उघडले तेव्हा आत पहिल्या शस्त्रक्रियेतला टॉवेल सापडला. काही दिवसांत ती गेली. तिच्या पतीचा, अच्युतराव खोडवा यांचा दावा १९९६ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. टॉवेल आपोआप पोटात राहत नाही, ती वस्तूच साक्ष देते, असे न्यायालयाचे म्हणणे. नेमकी चूक कोणाच्या हातून झाली हे सिद्ध करण्याचे ओझे मृताच्या घरच्यांवर टाकता येत नाही. रुग्णालय सरकारचे, नोकर सरकारचे, म्हणून भरपाईही सरकारने द्यायची. छत्तीस हजार रुपयांचा हुकूम पुन्हा कायम झाला.

शस्त्रक्रिया संपताना परिचारिका बोळे, टॉवेल, हत्यारे मोजून आकडा जुळल्याचे मोठ्याने सांगते. कंटाळवाणे वाटणारे ते मोजणे म्हणजे एका जिवाची राखण आहे. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मांडणीत शुश्रूषा करणारा माणूस वैद्याच्या बरोबरीने उभा आहे. आज कायदाही परिचारिकेला स्वतंत्र व्यावसायिक मानतो. तिची स्वतःची नोंदणी, स्वतःची परिषद आणि स्वतःची जबाबदारी आहे. डॉक्टरने दहापट मात्रा लिहिली आणि परिचारिकेला ती चूक दिसली, तर विचारणे हे तिचे कर्तव्य आहे. ‘साहेबांनी लिहिले होते’ एवढे उत्तर तिला पुरत नाही.

पण यालाच दुसरी बाजू आहे आणि ती तितक्याच ठामपणे मांडायला हवी. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा कोरोना रुग्णांचा मृत्यू झाला. पोलिसांनी पाठोपाठ अटक केली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकांना. राज्यभरातल्या परिचारिकांनी तेव्हा विचारले: वायरिंग, अग्निशमनाची यंत्रणा, सुटकेचा दरवाजा हे आमच्या हातात होते का? प्रश्न रास्त होता. एका पाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, यंत्रणा कोणी तपासायची, औषधांचा साठा कोणी ठेवायचा, हे ठरवणारी माणसे खाटेपासून दूर बसलेली असतात. खोडवा निकालाने जबाबदारी त्या खुर्चीपर्यंत नेली होती. शेवटच्या पायरीवर उभ्या बाईला आरोपी करून वरच्या पायऱ्या मोकळ्या सोडणे हा न्याय नव्हे. मानधनावर राबणाऱ्या आशाताईवर नोकराची सर्व कामे लादायची आणि नोकराचे संरक्षण मात्र नाकारायचे, हीही त्याच जातीची गोष्ट.

सही कोणाची

कोकणातल्या घरात मोठ्या उपचाराचा निर्णय कोण घेते? पुष्कळदा मुंबईचा मुलगा. आजी खाटेवर, सून उशाशी, आणि डॉक्टर फोनवर परळच्या चाकरमान्याशी बोलत असतात. या मुलाचे प्रेम खरे आहे, पैसेही तोच पाठवणार आहे. पण कायद्याच्या नजरेत शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाच्या शरीराबद्दलची संमती फक्त त्याची स्वतःची.

२००८ च्या ‘समीरा कोहली’ निकालाने हे स्वच्छ केले. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका अविवाहित महिलेचे गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले गेले. शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली होती. न्यायालयाने ती सही ग्राह्य धरली नाही. महिला सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता. तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. संमतीआधी आजार काय, उपचार कसला, धोका कोणता, दुसरे पर्याय आहेत का आणि काहीच न केल्यास काय होईल, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगायचे असते. मालवणात ही भाषा मालवणी असू शकते. इंग्रजी छापील कागदावर आजीचा अंगठा घेतला, म्हणजे संमती झाली असे नाही. जीव वाचवण्याची घाई असेल आणि रुग्ण बेशुद्ध असेल, तेव्हाच डॉक्टर संमतीविना पुढे जाऊ शकतो.

संमतीला लागूनच गुपित येते. शहरात रुग्ण गर्दीत हरवतो. वाडीत हरवत नाही. तपासणीच्या खोलीतला शब्द संध्याकाळी देवळाच्या पारावर पोहोचू शकतो. क्षयरोग, गर्भपात, मानसिक आजार, एचआयव्ही: एका बेसावध वाक्याने एखाद्याचे लग्न मोडते, एखाद्याची होडीवरची जागा जाते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची परवानगी नसताना माहिती उघड करण्यावर बंदी घातली आहे. गुप्ततेचे हे कर्तव्य डॉक्टरपुरते नाही. रक्त तपासणारा तंत्रज्ञ, केसपेपर काढणारा कारकून, घरोघर जाणारी आशाताई, सगळ्यांनी ते पाळायला हवे.

दाद मागण्याची दारे

चूक झाली असे वाटल्यास रुग्णापुढे साधारण चार दारे असतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

पहिले भरपाईचे. १९९५ च्या ‘व्ही. पी. शांता’ निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, त्या रुग्णालयांना हा कायदा लागू नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाची रुग्णालये सर्वांसाठी मोफत झाली, त्यामुळे तिथल्या रुग्णाला दिवाणी किंवा उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो. खोडवा यांनी दिवाणी दावाच केला होता, हकीम शेख यांचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते.

दुसरे दार फौजदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडल्यास दोन वर्षांपर्यंत. पण हे दार अरुंद आहे आणि ते तसेच असायला हवे. ‘जेकब मॅथ्यू’ खटल्यात ५ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की साध्या चुकीसाठी डॉक्टरला गुन्हेगार करता येणार नाही. घोर निष्काळजीपणा दिसला पाहिजे. पोलिसांनी आधी त्या शाखेतल्या निःपक्षपाती, शक्यतो सरकारी, डॉक्टरचे मत घ्यावे आणि सरसकट अटक करू नये. हातकडीच्या भीतीने डॉक्टर अवघड रुग्णाला हात लावेनासा झाला, तर त्याची किंमत दूरच्या वाडीतला रुग्णच मोजेल.

तिसरे दार वैद्यकीय परिषदेचे, जिथे डॉक्टरची नोंदणी काही काळासाठी किंवा कायमची जाऊ शकते. चौथे खात्याच्या चौकशीचे, सरकारी नोकरांसाठी.

परिषदेचे दार डॉक्टरही ठोठावू शकतो. कोकणातल्या महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जातात. २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून त्यांना बाराशे रुपयांचा धनादेश आला, रुग्ण पाठवल्याबद्दलचे कमिशन. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. असे कमिशन घेणे आणि देणे २००२ च्या आचारनियमांनुसार गैरवर्तन आहे. पुढे २०१७ मध्ये राज्याने ‘कट प्रॅक्टिस’ रोखण्यासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा तयार करून घेतला. तो मसुद्याच्या पुढे गेला नाही. रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठीवर कुणाचे नाव लिहायचे, ते रुग्णाच्या गरजेने ठरले पाहिजे. बाराशे रुपयांचा तो कागद ही गोष्ट कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नीट शिकवतो.

कागद, प्रश्न आणि हात

अशा खटल्यांत निकाल पुष्कळदा नोंदींवर फिरतो. किती वाजता दाखल, कोणते इंजेक्शन, किती मात्रा, कोणी दिले. नियमानुसार डॉक्टरने उपचारांच्या नोंदी तीन वर्षे ठेवायच्या आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायच्या. खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर लावणे महाराष्ट्राने २०२१ पासून बंधनकारक केले आहे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवता येत नाही. प्रामाणिक डॉक्टरचा सर्वांत भक्कम आधार त्याने त्या वेळी लिहिलेली नोंदच असते. नंतर खाडाखोड केलेला केसपेपर त्याच्याच विरुद्ध बोलतो.

आणि रुग्णाच्या बाजूनेही एक हिशोब चुकता करायचा आहे. राग आला म्हणून काच फोडणे, परिचारिकेच्या अंगावर धावून जाणे, डॉक्टरला मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण शिक्षेपेक्षा मोठे नुकसान वेगळेच होते. मार खाल्लेला डॉक्टर बदली मागतो. ग्रामीण रुग्णालयातली ती खुर्ची महिनोन्महिने रिकामी राहते आणि पुढच्या वेळी फुरसे चावलेल्या पोरासाठी काचेची नळी धरणारा हातच उरत नाही.

म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक कुटुंबाला एवढेच सांगणे. रुग्णालयात जाल तेव्हा आजार काय आणि उपचार कोणता, हे आपल्या भाषेत विचारा. आजीची सही घेताना आजीला समजले का, ते बघा. पुढे पाठवले तर का, आणि सोबत चिठ्ठी आहे ना, हे तपासा. कागद जपून ठेवा. काळजी घेतली गेली असेल आणि तरी माणूस गेला असेल, तर डॉक्टरचे हात जोडून निरोप घ्या. काळजी घेतली गेली नसेल, तर हात उचलू नका, अर्ज लिहा. गोडबोले दांपत्याने पंधरा वर्षे तेच केले. त्यांना मिळालेले तीन हजार रुपये कधीच संपले असतील, पण त्या निकालातली तीन कर्तव्ये आज मालवणच्या रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या बाजूने उभी आहेत.